पातालपानीच्या गाडीत रुमाल टाकून धरलेल्या खिडक्या

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या दोन-चार सरी कोसळल्या की इंदुरातल्या मराठी घरांत पातालपानी–कालाकुंडच्या गाडीची चौकशी सुरू होते, सुट्टीच्या दिवसांची तिकिटे बघता बघता संपतात आणि पुण्या-नाशकाहून आलेल्या पाहुण्यांना ही सहल घडवल्याशिवाय यजमानांना चैन पडत नाही. २५ डिसेंबर २०१८ रोजी ही मीटरगेजची हेरिटेज गाडी सुरू झाली, तेव्हापासून मीही बहुतेक पावसाळ्यांत कुणा ना कुणा नातेवाइकांना घेऊन तिने जात आले आहे. या गाडीत वर्षागणिक बळावत चाललेल्या एका सवयीविषयी आपल्या पत्राच्या वाचकांशी बोलावे, म्हणून हा पत्रप्रपंच. रुमाल, पिशवी, पाण्याची बाटली, लहान मुलाचे दप्तर, प्रसंगी नुसती ओढणी टाकून, तिथे हजर नसलेल्या माणसांसाठी खिडकीची जागा धरून ठेवायची आणि समोर कुणी उभे राहिले तर ‘येतायत ते’ एवढेच सांगून मान फिरवायची, ही ती सवय.

एरवीच्या गाडीत कुणी वीस मिनिटे जागा धरली तर फार काही बिघडत नाही. इंदूर–भोपाळ प्रवासात उज्जैनपर्यंत उभे राहावे लागले तरी माणूस भोपाळला पोहोचतोच, कारण त्याला हवे असते ते पोहोचणे. कालाकुंडच्या गाडीत बसणाऱ्याला कुठे पोहोचायचे नसते. त्याने तिकीट काढलेले असते ते घाट पाहण्यासाठी, आणि हा घाट जेमतेम साडेनऊ किलोमीटरचा आहे. त्यातच चार बोगदे, वळणामागून वळणे, दऱ्यांवरचे पूल आणि खाली चोरल नदीचे पात्र, असे सगळे येऊन जाते. पातालपानीचा धबधबा तर गाडीतून एका बाजूच्याच खिडक्यांना दिसतो, आणि दिसतो तोही मोजकी मिनिटे. तेवढ्या मिनिटांत ज्या खिडकीवर माणसाऐवजी पिशवी बसलेली असते, त्या खिडकीतला धबधबा कुणीच पाहिलेला नसतो. पिशवीच्या मालकानेही नाही आणि मागे उभ्या असलेल्यानेही नाही.

या लोहमार्गाचा इतिहास आपल्या वाचकांना नवा नाही, तरी एक गोष्ट इथे सांगणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा खंडव्याहून इंदूरला येणारी होळकर स्टेट रेल्वे त्या दशकात उभी राहिली. नर्मदा ओलांडून माळव्याच्या पठारावर चढणारा हा मार्ग या शहराच्या पैशातून झाला आहे. पुढे खंडव्याकडचा मार्ग ब्रॉडगेज करायचे ठरले आणि नव्या मार्गाची आखणी वेगळ्या बाजूने झाली, तेव्हा हा जुना घाट उखडून टाकण्याऐवजी केवळ लोकांना पाहता यावा म्हणून राखला गेला. म्हणजे ही गाडी चालते ती निव्वळ पाहण्यासाठी. पाहण्याची जागाच अडवून ठेवायची असेल, तर ती चालवण्याचे प्रयोजनच उरत नाही.

आता ‘तिकिटावर आसन क्रमांक असतो, मग जागा धरायचा प्रश्न येतोच कुठे?’ असे ज्यांनी हा प्रवास केलेला नाही ते विचारतील. क्रमांक असतो हे खरेच. परंतु होते असे, की दहा-बारा जणांच्या एखाद्या मोठ्या कुटुंबाची तिकिटे डब्यात विखुरलेली असतात. त्यांच्यातले दोघे-तिघे गाडी फलाटाला लागताच चढतात, आपापले क्रमांक बाजूला ठेवून दरीच्या बाजूच्या सलग खिडक्या निवडतात आणि त्यांवर सामान ठेवून खाली उतरतात. मागून ज्यांचा क्रमांक खरोखर तिथला आहे ते येतात, तेव्हा त्यांना सांगितले जाते, ‘अहो काका, आमची सगळी फॅमिली एकत्र आहे, तुम्ही जरा तिकडे बसा ना.’ पाहुणा माणूस संकोचतो. एकटी आलेली बाई, वयस्कर जोडपे किंवा ज्यांना भांडण नको आहे असे कुणीही, निमूटपणे डोंगराच्या बाजूला जाऊन बसतात आणि पुढचा सगळा वेळ समोर कातळ पाहतात.

अदलाबदलीला माझा विरोध नाही. आई आणि लहान मूल वेगळे पडले असेल, म्हाताऱ्या सासऱ्यांना सोबतीशिवाय उठता येत नसेल, तर जागा बदलून मागण्यात काहीच गैर नाही आणि ती देण्यात आपल्याकडची माणसे कधी मागे राहिलेली मी पाहिली नाहीत. पण मागणे हे बसण्याआधी झाले पाहिजे, खिडकीच्या बदल्यात खिडकीच देऊ केली पाहिजे आणि समोरचा ‘नको’ म्हणाला तर ते मनाला न लावता उठता आले पाहिजे. आधी बसून, डबे उघडून, पोहे-शेव वाढून झाल्यावर केलेली विनंती ही विनंती राहत नाही.

काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहतात, हा दुसरा प्रकार. तिकीट तपासून झाले की या जागा एका अर्थी सगळ्यांच्या होतात. ज्याच्या वाट्याला मधली किंवा डोंगराकडची जागा आली आहे त्याने तिथे जाऊन बसावे, यात मला काही वावगे वाटत नाही. वावगे हे आहे, की ज्यांच्याकडे स्वतःची खिडकी आहे तेच या रिकाम्या खिडकीवर सामान ठेवून तीही आपल्याकडे राखतात, म्हणजे आळीपाळीने फोटो काढायला बरे. माणूस स्वतः बसला तर त्याला विचारता येते, तो थोडा सरकतो, बोलता बोलता ओळख निघते. सामानाशी कुणी काय बोलणार?

गेल्या हंगामात मी पाहिलेला एक प्रसंग लिहिते. धबधब्यासाठी गाडी हळू झाली तेव्हा आमच्या डब्यात दहाएक वर्षांची एक मुलगी दोन आसनांच्या मधल्या वाटेत टाचा उंचावून उभी होती. तिच्या पुढ्यातल्या दोन खिडक्यांपैकी एकीवर निळा थर्मास आणि त्याला टेकवलेली छत्री होती, दुसरीवर काळी सॅक, तिचा पट्टा आसनाच्या हाताला गुंडाळून पक्का केलेला. मालक पलीकडच्या दारात मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होते. मुलीच्या आजीने समोरच्या बाईंना विचारले, ‘ही जरा इथे टेकली तर चालेल का? धबधबा जाईपर्यंतच.’ त्यावर उत्तर आले, ‘आमचे लोक येतायत, आत्ताच गेलेत.’ आजी गप्प बसल्या. मुलीने थर्मास आणि छत्री यांच्या मधल्या फटीतून जे दिसले ते पाहिले. ते लोक आले तेव्हा बोगदा सुरू झाला होता आणि डब्यात अंधार होता. त्या बाई वाईट स्वभावाच्या होत्या असे मी म्हणणार नाही. पुढे त्यांनीच त्या मुलीला आपल्या डब्यातली चकली दिली. आपल्या माणसांसाठी जागा राखणे हे त्यांना कर्तव्य वाटत होते, आणि मला लिहावेसे वाटले ते नेमके यामुळेच. ही अरेरावी असती तर तिकीट तपासनीसाला सांगून भागले असते. ही चांगल्या माणसांची, आपल्या माणसांच्या मायेपोटी जडलेली सवय आहे, आणि तिचा त्रास त्या क्षणी ज्यांना कुणी ‘आपले’ म्हणत नाही त्यांना होतो.

या सवयीच्या समर्थनार्थ सांगितली जाणारी एक समजूत मात्र सपशेल चुकीची आहे, आणि तिच्याकडे मला सर्वांचे विशेष लक्ष वेधायचे आहे. ‘येताना तुम्हाला मिळेल की खिडकी, जाताना आम्ही बसतो,’ असे पुष्कळ जण अगदी मनापासून म्हणतात. ऐकणाऱ्यालाही ते न्याय्य वाटते. परंतु कालाकुंडला डबे उलटे फिरवले जात नाहीत. फक्त इंजिनांची मांडणी बदलते आणि तेच डबे, जसे आले तसेच, घाट परत चढतात. उतरताना डब्याची जी बाजू दरीकडे होती तीच चढतानाही दरीकडे असते, आणि जी कातळाकडे होती ती कातळाकडेच राहते. म्हणजे परतीच्या प्रवासात प्रत्येक जण आपापल्या जागेवर बसला, तर डोंगराकडच्या माणसाला दरीचे दर्शन जाता-येता दोन्ही वेळा हुकते. त्याची पाळी आपोआप येत नाही. कुणीतरी उठून ती द्यावी लागते.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की कालाकुंडला गाडी थांबते तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्रवाशांनी आपसांत बाजू बदलाव्यात. वेळ भरपूर असतो. लोक खाली उतरतात, पळसाच्या पानावर मिळणारा तिथला कलाकंद खातात, नदीकडे फिरून येतात. परत डब्यात चढताना समोरच्या बाकावरच्याला ‘आता तुम्ही इकडे या, आम्ही तिकडे बसतो’ एवढे म्हटले की झाले. ज्यांच्या तिकिटावर दरीकडची खिडकी आहे त्यांचा त्या जागेवर परतीच्या प्रवासातही हक्क आहे, हे मी नाकारत नाही, आणि कुणी नाही म्हटले तर त्यांना दोष देणार नाही. परंतु गेल्या वेळी आमच्या डब्यात एका कुटुंबाने असा बदल स्वतःहून सुचवला आणि पाहता पाहता आणखी तीन-चार बाकांवर तसेच घडले. घाट चढताना गाडीचा वेग कमी असतो, त्यामुळे परतीच्या वेळी दरी अधिक सावकाश दिसते. जाताना ज्यांनी काहीच पाहिले नव्हते, त्यांच्या वाट्याला त्यामुळे अधिक चांगला भाग आला.

जागा धरणे मुळातच चूक आहे असे कुणी समजू नये. शेजारचा माणूस शौचालयात गेला असेल, मुलाला पाणी पाजायला उठला असेल, तर त्याची जागा राखणे हा शेजारधर्म आहे. जो मुळात तिथे बसलेला होता आणि लगेच परत येणार आहे, त्याच्यासाठी जागा राखावी. जो अजून चढलेलाच नाही, किंवा दुसऱ्या डब्यातल्या मित्रांकडे गप्पा मारायला गेला आहे, त्याच्यासाठी राखू नये. लवकर येणाऱ्याला लवकर येण्याचे फळ मिळावे, पण एकट्याने लवकर येऊन ते आठ जणांच्या नावावर घेऊ नये.

विस्टाडोम, म्हणजे मोठमोठ्या काचांच्या, डब्यांत हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथे भाड्याचा अभिमानही मध्ये येतो. गेल्या काही हंगामांत आपल्या गाडीच्या वातानुकूलित डब्याचे भाडे २६५ रुपये आणि साध्या चेअर कारचे २० रुपये राहिले आहे. एवढे पैसे मोजलेल्या माणसाला, काचेसमोरून आपण का हलावे, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण शेजाऱ्यानेही तेवढेच पैसे मोजलेले असतात. मुंबई–पुणे आणि मुंबई–मडगाव मार्गांवरच्या विस्टाडोम डब्यांत ४४ आसनांखेरीज डब्याच्या टोकाला मोठ्या काचांची एक निरीक्षण-जागा असते. ती कुणाच्याच तिकिटावर नसते, ती साऱ्या डब्याची असते. पुण्याचे माझे नातेवाईक सांगतात, की कर्जत आणि लोणावळ्याच्या दरम्यान बोरघाट सुरू झाला की सगळा डबा तिथे लोटतो आणि जे आधीपासून तिथे ठाण मांडून आहेत ते नेमके तेवढा वेळ हलत नाहीत. घाट संपला की जागा रिकामी होते. घाट असेल तेवढा वेळ प्रत्येकाने थोडे थोडे थांबून मागच्याला पुढे करावे, एवढे जमले तर कुणालाही मन मारावे लागणार नाही. ज्याला काचेसमोर बसूनच झोप लागते किंवा जो तिथे लॅपटॉप उघडतो, त्याने निदान घाटात आपल्या आसनावर जावे, असे सांगण्याचा अधिकार इतरांना असायला हवा.

दारांविषयी थोडेच लिहिते. दाराच्या पायरीवर बसून किंवा बाहेर लोंबकळून प्रवास करणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ नुसार गुन्हा आहे आणि बोगद्यांच्या व पुलांच्या या मार्गावर तो जिवाशी खेळ आहे. तेव्हा दारातली जागा वाटून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती कुणीच घेऊ नये.

याच १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १५५ असे सांगते, की दुसऱ्याच्या नावे आरक्षित असलेली जागा बळकावून सांगूनही जो सोडत नाही त्याला उठवता येते आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; जो डबा आपल्यासाठी राखीव नाही त्यात दुसऱ्याला शिरू न देणाऱ्यालाही २०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हे माहीत असावे, पण सहलीच्या गाडीत कलमे दाखवण्याची वेळ यावी असे मला वाटत नाही. कायदा फार तर आसन मिळवून देईल. शेजाऱ्याने मान थोडी मागे घेऊन आपल्याला धबधबा दिसू द्यावा, हे कोणत्याही कलमात बसत नाही. रेल्वेने वाटून घेण्याचे नियम यापूर्वी केलेले आहेत आणि ते लोकांच्या अंगवळणीही पडले आहेत. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच उघडायचा, बाकी वेळ खालच्या बर्थवर सगळ्यांनी बसायचे, हा नियम आज कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जागा एकाची आणि वेळ सगळ्यांची, अशी विभागणी आपण रात्रीच्या गाडीत मान्य केली आहे, तर दिवसाच्या या छोट्या गाडीत ती अवघड का जावी?

इंदूरकरांबद्दल तर मला याबाबतीत पूर्ण विश्वास आहे. २०१७ साली स्वच्छतेत हे शहर देशात पहिले आले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे पहिलेच राहिले, ते केवळ नगर निगमाच्या गाड्यांमुळे नव्हे. केळीचे साल हातात धरून कचरापेटी शोधणारी माणसे मी पातालपानीच्या फलाटावरही पाहिली आहेत. ज्यांनी एवढी मोठी सवय अंगी बाणवली त्यांना रिकाम्या आसनावरची पिशवी उचलून मांडीवर घेणे जड जाऊ नये. मराठी मंडळींच्या सहली या गाडीने मोठ्या संख्येने निघतात. महिला मंडळे, ज्येष्ठांचे संघ, भिशीचे गट डब्याचा मोठा भाग व्यापतात. अशा गटांच्या प्रमुख ताईंनी वा काकांनी निघण्यापूर्वी दोन गोष्टी सांगितल्या तर फार मोठा फरक पडेल : तिकिटे वाटताना दरीकडच्या खिडक्या आधी ज्येष्ठांना आणि मुलांना द्याव्यात, आणि गटाबाहेरच्या प्रवाशाला त्याच्या जागेवरून उठायला लावू नये. तीस जणांच्या गटात अडकलेल्या एकट्या प्रवाशाला ‘या, आमच्यात बसा’ असे म्हणणारे गटही मी पाहिले आहेत, आणि त्या डब्यातला प्रवास सगळ्यांचाच रंगतो.

पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळाला आपल्या पत्राद्वारे एक विनंती करावीशी वाटते. पातालपानीहून गाडी सुटण्यापूर्वी आणि कालाकुंडहून परत निघण्यापूर्वी डब्यातल्या कर्मचाऱ्यांनी हिंदीत दोन वाक्ये सांगावीत : रिकाम्या आसनांवर सामान ठेवू नका, आणि दरी दोन्ही वेळा एकाच बाजूला असल्याने परतताना शक्य असेल तर जागा बदलून बसा. दाराशेजारी तशी एक पाटीही लावता येईल. तिकिटावर आसन क्रमांकाशेजारी ‘घाटी की ओर’ किंवा ‘पहाड़ी की ओर’ एवढे छापता आले, तर कुटुंबांना आधीच आपसांत ठरवता येईल आणि फलाटावर गाडी लागताच होणारी धावपळ बरीचशी टळेल. पुढच्या हंगामाची तिकिटे खुली होण्यापूर्वी आपण हे पत्र प्रसिद्ध केलेत, तर ज्यांच्या हाती हे निर्णय आहेत त्यांच्यापर्यंत ते वेळेत पोहोचेल.

आपली,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर